माकडं जंगलात सोडायची, पण कुठल्या जंगलात?

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कुठल्याही ग्रामसभेत रस्ता, नळपाणी आणि निधीचा हिशेब संपला की विषय माकडांवर येतो. आवाज चढतात, आणि ते चढायलाच हवेत. माडाखाली रोज सकाळी दात मारलेले कोवळे नारळ ज्यानं गोळा केले आहेत, काजूची कच्ची बी बोंडासकट तोडून फेकलेली ज्यानं पाहिली आहे, त्याला ‘जरा शांतपणे घ्या’ असं सांगायचा अधिकार कुणालाच नाही. परसातला पावटा, भुईमूग, रताळी, पपई हे सगळं कोकणातल्या कितीतरी वाड्यांतून हळूहळू बंद पडलं. त्याला मजुरी कारण आहे, लहरी पाऊस कारण आहे, आणि माकडंही कारण आहेत. स्वतःची जमीन असलेला माणूस आठवडा बाजारातून शेंगा विकत आणतो, यातला अपमान शहरात बसून कळत नाही.

मागणी एका वाक्याची असते: पकडा आणि लांब जंगलात नेऊन सोडा. सरकारनंही तीच वाट धरली आहे. पिंजरे आले, पकडणारी पथकं आली, पकडलेल्या माकडामागे पैसे द्यायची सोय झाली. माझा आक्षेप या मागणीतल्या जंगलाला आहे. हे माकड मुळात घनदाट रानातलं, रान तुटलं म्हणून गावात उतरलं, तेव्हा त्याला परत घरी पोचवलं की झालं, असं आपण धरून चाललो आहोत. ते खरं नाही. आणि पायाच चुकीचा असल्यामुळे त्यावर होणारा सगळा खर्च शेतकऱ्याच्या उपयोगी पडत नाही आणि माकडाच्या जिवावर उठतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. तक्रार करताना आपण दोन वेगळ्या प्राण्यांना एकाच पिंजऱ्यात घालतो. काळ्या तोंडाचं, लांब हातापायांचं ते वानर. त्याच्या पोटात कप्पे असतात, त्यात पाला आंबतो आणि पचतो. त्यामुळे कोवळी पानं, फुलं, शेंगा यांवर त्याचं भागतं. कौलारू घरावर उडी मारून कौलं फोडतं ते बहुतेक वेळा हेच. लालसर तोंडाचं, छोट्या चणीचं ते माकड. त्याला तसं पोट नाही, पण गालात पिशव्या आहेत. हाताला लागेल ते भराभर गालात कोंबायचं, सुरक्षित फांदीवर जाऊन बसायचं आणि मग मनगटाच्या मागच्या बाजूनं गाल दाबून एकेक घास तोंडात आणायचा. खिडकीतून स्वयंपाकघरात शिरतं, डब्याचं झाकण काढतं, भुईमूग उपटतं ते हे. वानराला थोपवणारा उपाय माकडाला थोपवत नाही, तरी ‘माकडांचा बंदोबस्त’ म्हणून आपण एकच उपाय मागतो. या लेखात मी मुख्यतः दुसऱ्याबद्दल, म्हणजे माकडाबद्दल बोलतो आहे.

प्राणिशास्त्रात याला बॉनेट मकाक म्हणतात. डोक्याच्या मधोमध भोवरा, तिथून केस चहूबाजूंना टोपी घातल्यासारखे पसरलेले, कपाळ उघडं, शेपटी अंगापेक्षा लांब. नर सहा-सात किलोचा, मादी चारेक किलोची. हा प्राणी जगात फक्त भारतीय द्वीपकल्पात आहे. पश्चिमेकडे तापी नदी ही त्याची जुनी उत्तर सीमा मानली जाते. तापीच्या पलीकडे, थेट हिमालयापर्यंत आणि त्याहीपुढे आग्नेय आशियापर्यंत, त्याचा चुलतभाऊ ऱ्हिसस आहे. म्हणजे माथेरानला, महाबळेश्वरला, आंबोलीला आपण ज्याला ‘काय ते माकडच’ म्हणतो, ते पृथ्वीवर दुसरीकडे कुठेही मिळणार नाही. जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ते आता ‘संकटप्रवण’ या वर्गात आहे. ऱ्हिसस तिथे ‘फारशी चिंता नाही’ अशा वर्गात आहे.

‘संकटप्रवण’ हे ऐकून शेतकरी चिडतो. माझ्या बागेत पन्नास आहेत आणि तुम्ही म्हणता कमी झाली? दोन्ही खरं आहे, आणि त्याचं उत्तर या माकडाच्या राहणीत आहे. म्हैसूर विद्यापीठातले मेवा सिंह आणि त्यांचे सहकारी यांनी अनेक वर्षं मोजणी केली. त्यांना आढळलं की सगळ्या प्रकारच्या जंगलांत बॉनेट मकाक फारच विरळ आहे. त्याची खरी वस्ती होती रस्त्याकडेचे जुने वड-पिंपळ, देवळांचे परिसर, गावाच्या कडा. रस्ते रुंद झाले, वडांच्या रांगा गेल्या, देवळांतून माकडं पकडून नेली गेली, आणि पाव शतकात अशा जागांतली संख्या झपाट्यानं उतरली. जंगल शाबूत असूनही उतरली, कारण ते जंगलावर अवलंबून नव्हतंच.

हे कडेवर राहणारं माकड आहे. रान आणि माणूस यांच्या मधल्या पट्ट्यात, वड, उंबर, आंबा, फणस, जांभूळ यांच्या आधारानं ते शेकडो वर्षं राहत आलं आहे. कोकणातल्या देवराया, पाणंदी, गावकुसाबाहेरची राई, घाटरस्त्याची झाडी, ही त्याची जागा. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात हजारो जुनी झाडं गेली. त्यात कित्येक वड-पिंपळ होते, ज्यांच्यावर माकडांच्या टोळ्या रात्री मुक्काम करत आणि उन्हाळ्यात फळं खात. त्या झाडांची माकडं हवेत विरली असं समजायचं का? ती शेजारच्या बागेत आली. आपण त्या बागेतल्या माकडाला आता सह्याद्रीच्या सदाहरित रानात नेऊन सोडतो, जिथे त्याची जात फार थोड्या संख्येनंच राहू शकते.

सोडलेलं माकड मग काय करतं? ते कड शोधतं. उतार धरून खाली येतं आणि पहिली वाडी लागेल तिथे थांबतं. ती वाडी तुमची नसते एवढंच. संगमेश्वरची माकडं पकडून समजा तिलारीच्या बाजूला सोडली, तर दोडामार्गच्या शेतकऱ्यानं कुणाचं काय घोडं मारलं होतं? आणि जिथून टोळी उचलली, तिथलं खाणं तर तसंच राहतं. शेजारची टोळी काही महिन्यांत त्या जागेत सरकते.

दिल्लीनं हे करून पाहिलं आहे. 2007 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शहरातली ऱ्हिसस माकडं पकडून असोला-भाटी अभयारण्यात सोडायला सुरुवात झाली. हजारो माकडं नेली. तिथे त्यांना पुरेसं खाणं नव्हतं, म्हणून सरकारी खर्चानं रोज फळं-भाज्या टाकाव्या लागल्या. आजूबाजूच्या गावांच्या तक्रारी सुरू झाल्या आणि दिल्लीतली माकडंही संपली नाहीत. कर्नाटकात शरावतीच्या जलाशयाच्या परिसरात माकडांसाठी खास उद्यान करायची कल्पना निघाली, तेव्हा तिथल्याच लोकांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं साधं होतं: इतरांची माकडं आमच्या दारात नकोत.

पिंजऱ्याचा आणखी एक परिणाम आपल्याला दिसत नाही. बॉनेट मकाकची टोळी माद्यांवर उभी असते. आई, मुली, मावश्या जन्मभर एकाच टोळीत राहतात, तरुण नर बहुधा बाहेर पडतात. या जातीचे नर इतर मकाकांच्या मानानं फार मिळतेजुळते असतात. एकमेकांना मिठ्या मारतात, तासन्‌तास एकमेकांच्या उवा काढतात, म्हातारपणीही एकमेकांशी खेळतात. कुठल्या झाडाला कधी फळ येतं, कुठल्या वाडीत कुत्रा आहे, कुठे पाणी टिकतं, हे ज्ञान म्हाताऱ्या माद्यांकडून पुढे जातं. पिंजरा लावला की त्यात पहिल्यांदा शिरतात धीट तरुण माकडं आणि पोरांसकट भुकेल्या माद्या. अर्धी टोळी गाडीत जाते, अर्धी मागे राहते. मागे राहिलेली अर्धी फुटते. जिथे एक टोळी होती तिथे दोन-तीन विस्कळित टोळकी होतात आणि नुकसान वेगवेगळ्या बागांत पसरतं. पकडमोहिमेनंतर ‘माकडं कमी झाली, पण त्रास वाढला’ असं लोक म्हणतात, त्याचं मला वाटणारं कारण हे आहे.

आता सगळ्यांत गंभीर मुद्दा. 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलाजवळ माकडं मरायला लागली आणि पाठोपाठ माणसं तापानं आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं त्यामागचा विषाणू शोधला. आपण त्याला माकडताप म्हणतो. 2015 मध्ये तो गोव्यात सत्तरी तालुक्यात दिसला आणि 2016 मध्ये दोडामार्ग तालुक्यात. काजूच्या बागांत काम करणारी माणसं आजारी पडली, काही दगावली. नावामुळे लोकांना वाटतं की माकड हा ताप देतं. तो देते गोचीड. माकड स्वतः त्याला बळी पडतं, आणि मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी खाली गळून आसपास पसरतात. म्हणून रानात मेलेलं माकड दिसलं की आरोग्य खात्याला ताबडतोब कळवा, हात लावू नका, असं सांगितलं जातं. त्या परिसरासाठी तो पहिला इशारा असतो.

अशा परिस्थितीत एका तालुक्यातली माकडं, त्यांच्या अंगावरच्या गोचिडींसकट, गाडीत घालून दुसऱ्या तालुक्यात नेणं म्हणजे काय, याचा विचार मोहीम आखणाऱ्यांनी केला आहे का? तपासणी न करता केलेलं प्रत्येक स्थलांतर हा माणसांच्या आरोग्याशी खेळलेला जुगार आहे. हे मी भीती घालण्यासाठी लिहीत नाही. दोडामार्गच्या काजू बागायतदाराला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

तापीपलीकडच्या चुलतभावाचाही इथे संबंध येतो. ऱ्हिसस आकारानं दणकट, स्वभावानं आक्रमक आणि शहरात टिकणारा. गेल्या काही दशकांत तो दक्षिणेकडे सरकतो आहे आणि बॉनेटची जागा घेतो आहे, हे संशोधकांनी नोंदवलं आहे. सीमेवरच्या भागात दोन्ही जाती एका टोळीत दिसल्याच्या नोंदी जुन्या आहेत. हे सरकणं काही अंशी नैसर्गिक असेल, पण एका ठिकाणी पकडून दुसरीकडे सोडण्याच्या सवयीनं त्याला हातभार लावला आहे. शहरात पकडलेलं ऱ्हिसस, मदाऱ्याकडून सोडवलेलं ऱ्हिसस, ‘जवळच्या जंगलात’ सोडलं जातं आणि ते जंगल बॉनेटचं असतं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आज दोन्ही जाती आहेत. 2022 च्या दुरुस्तीनं ऱ्हिसस वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीतून बाहेर गेलं आणि बॉनेट पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आलं. केरळसारखी राज्यं बॉनेटला तिथून खाली आणायची मागणी करत आहेत. अनुसूचीचा वाद चालू राहो. पण ऱ्हिसस कायद्याच्या नजरेतून उतरल्यामुळे ते कुठून उचललं आणि कुठे सोडलं याची चौकशी आणखी सैल होणार, ही माझी खरी काळजी आहे. पकडलेल्या प्रत्येक माकडाची जात, पकडल्याची जागा आणि सोडल्याची जागा याची नोंदवही हवी, आणि ती कुणालाही पाहता आली पाहिजे.

मग मारून टाका, असंही काही जण म्हणतात. हिमाचल प्रदेशात ऱ्हिससला उपद्रवी प्राणी जाहीर करून मारायची मुभा दिली गेली, पण मारायला फारसं कुणी पुढे आलं नाही. ज्या गावात वेशीवर मारुती आहे, तिथे हे होणार नाही. मला त्याचा आनंद आहे. निर्बीजीकरणही हिमाचलातच सर्वांत जास्त झालं, दीड लाखांहून अधिक माकडांचं, 2007 च्या सुमारास सुरू होऊन वर्षानुवर्षं. त्यातून वाढ रोखता येते. पण निर्बीज केलेलं माकड उद्याही नारळ खातंच, आणि माकड वीस वर्षांहून अधिक जगू शकतं. ज्या टोळ्या देवस्थानं आणि पर्यटनस्थळांच्या आधारानं फुगल्या आहेत, तिथे मोजणी करून, माद्या परत त्याच टोळीत सोडून, नसबंदी करायला माझी हरकत नाही. बागायतदाराला या वर्षी दिलासा मिळेल असं मात्र कुणी सांगू नये.

दिलासा कशानं मिळेल? राखणीनं. हे उत्तर जुनाट वाटेल, पण बागा टिकल्या त्या राखणीवरच. माळा, गोफण, कुत्रं आणि दिवसभर बागेत वावरणारी माणसं. माकड बिबट्याचं ठिपकेदार कातडं बिनचूक ओळखतं. गावठाणात वाढलेली, बिबट्या कधी न पाहिलेली माकडंसुद्धा त्याच्या प्रतिकृतीला घाबरतात, असं दक्षिणेतल्या प्रयोगांत दिसलं आहे. तरी बागेत टांगलेला कापडी वाघ चार दिवसांत निकामी होतो, कारण तो जागचा हलत नाही हे त्यांच्या लक्षात येतं. हलणाऱ्या, ओरडणाऱ्या, वेळ बदलणाऱ्या माणसाला पर्याय नाही.

आणि कोकणात माणूसच उरला नाही, हे या प्रश्नाचं मूळ आहे. वाडीत वीस घरं, त्यातली बारा कुलपात. चाकरमानी गणपतीला आणि मे महिन्यात येतात. बाकीचे दिवस दोन म्हातारी माणसं आणि त्यांच्याभोवती पन्नास कलमं. बंद घराचं परसू माकडांना मोकळं रान मिळतं आणि तिथून ती शेजारच्या राबत्या घरात जातात. अशा ठिकाणी एकेका शेतकऱ्यानं राखण करणं अशक्य आहे. वाडीची मिळून राखण हवी, पगारी, आणि तिचा पगार सरकारनं द्यावा. पिंजरे, गाड्या आणि माकडामागे जाणारे पैसे त्याच गावातल्या दोन तरुणांना हंगामभर द्या. ते टोळी ओळखतील, ती कुठे मुक्कामाला आहे हे सांगतील, मेलेलं माकड दिसलं तर कळवतील. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं चार-पाच गावांत असा प्रयोग लावून नुकसानीचं मोजमाप करावं, म्हणजे माझ्यासारख्याच्या मतावर कुणाला विसंबून राहावं लागणार नाही.

राखण करूनही नुकसान होईलच. शासनाच्या भरपाईच्या यादीत माकड आहे, पण पद्धत रानडुकरासाठी आखलेली आहे. डुक्कर एका रात्रीत शेत लोळवतं, दुसऱ्या दिवशी पंचनामा होतो. माकड रोज आठ-दहा नारळ पाडतं. त्याचा पंचनामा रोज कोण करणार? त्यातून कोकणातला सातबारा. त्यावर चुलत्या-पुतण्यांची बारा-पंधरा नावं, निम्मी मुंबईत, काही हयात नाहीत. भरपाईसाठी सगळ्यांची संमती आणा म्हटलं की अर्ज तिथेच मेला. हंगामाला झाडामागे ठरावीक रक्कम, प्रत्यक्ष कसणाऱ्याच्या नावावर, गाव समितीच्या दाखल्यावर, अशी सोपी रीत करता येते. राग कमी करायचा असेल तर सुरुवात इथून करावी लागेल.

घाटात गाडी थांबवून माकडांना वेफर्स आणि केळी देणाऱ्यांनाही सोडून चालणार नाही. वरंधा घाटात वाघजाईजवळ भजीच्या टपऱ्यांपाशी उभं राहिलं की हा प्रकार दिसतो. कर्नाटकातल्या बंदीपूरच्या माकडांवर प्राणिवर्तनाचे अभ्यासक अनिंद्य सिन्हा आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात दिसलं की पर्यटकांकडून खाणं मिळवायला माकडं खास आवाज काढतात आणि हात पुढे करतात, म्हणजे माणसाशी बोलायची रीत त्यांनी स्वतः घडवली आहे. किती हुशार प्राणी आहे हा! या हुशारीला आपण पिशवी हिसकावण्याचं वळण लावतो. ते माकड घाट उतरून खाली गावात येतं तेव्हा त्याला माणसाची भीती उरलेली नसते, आणि त्याची किंमत वेफर्स देणारा भरत नाही. घाटांत खाऊ घालण्याला कडक दंड आणि झाकणबंद कचरापेट्या, एवढंही आपण अजून नीट केलेलं नाही.

शेवटी एक तातडीची गोष्ट. काजूचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो, मार्चपासून आंबा. पिंजऱ्यांची मागणी याच महिन्यांत सर्वांत मोठी असते. बॉनेट मकाकच्या माद्या प्रामुख्यानं याच दिवसांत वितात. पोटाला पिल्लू चिकटलेली मादी खाण्याच्या ओढीनं पिंजऱ्यात शिरते. माकडतापाचा हंगामही हाच, डिसेंबर ते मे. त्यामुळे निदान या सहा महिन्यांत एका तालुक्यातलं माकड दुसऱ्या तालुक्यात नेण्यावर पूर्ण बंदी घालावी, आणि पिंजऱ्यांसाठी ठेवलेला पैसा काजूला मोहोर धरायच्या आत, म्हणजे डिसेंबर उजाडण्यापूर्वी, वाडीच्या राखणदारांच्या हातात पडावा.